कोरडा दिवस

आमच्या दाराच्या उजव्या अंगास पूर्वी माझ्या नावाची लाकडी पाटी होती. ती एका वळवाच्या वादळात उडून गेल्यापासून तेथे नुसते दोन खिळे शिल्लक राहिले आहेत, आणि त्या खिळ्यांच्या मधल्या जागेत दर पंधरवड्यास आरोग्य खात्यातील एक तरुण खडूने काहीतरी लिहून जातो. त्या लिखाणात एक तारीख असते, एक आद्याक्षर असते आणि तिसरे एक आडवे-तिरपे चिन्ह असते, ज्याचा अर्थ विचारण्याचे धैर्य मला गेल्या सहा वर्षांत झालेले नाही. कारण अर्थ एकदा कळला की तदनुसार वागण्याची जोखीम अंगावर येते, आणि एकतीस वर्षे मराठी शिकवून सेवानिवृत्त झालेल्या माणसाने नवी जोखीम पत्करू नये, या मताचा मी आहे.

हा तरुण स्वभावाने अत्यंत सालस आहे. एके काळी तो माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे आणि ‘सूर्योदय’ या संधीची फोड त्याने एकदा ‘सूर्यो अधिक दय’ अशी केल्यामुळे मी त्याला दिवसभर त्याच बाकावर उभे केले होते. आता काळाने बाक उलटा केला असून तपासणी तो करतो व हात मागे बांधून उभा मी राहतो. हातात विजेरी, कानामागे खडू, काखेत दप्तर, अशा थाटात तो उंबऱ्यात येऊन म्हणतो, “गुरुजी, पाणी बघू द्या,” आणि त्या क्षणापासून आमच्या जंगम मालमत्तेचा पंचनामा सुरू होतो.

पाणी साठविण्याचे जिन्नस आमच्या घरात एकंदर तेवीस आहेत. गच्चीवरची काळी टाकी, अंगणातला हौद, मोरीतली दोन टिपाडे, माजघरातला रांजण, माठ, चार घागरी, दोन हंडे, प्लॅस्टिकचे कॅन, बादल्या, कूलर, फ्रिजच्या पाठीमागची ती ताटली, जिचे अस्तित्व फ्रिज घेतल्यापासून नऊ वर्षे आम्हांस अज्ञात होते, आणि सरतेशेवटी तुळशीच्या कुंडीखालची परात. या प्रत्येकात तो विजेरीचा झोत पाडून वाकून पाहतो, तेव्हा आमची ही त्याच्या पाठीशी अशी उभी असते, की एखाद्या जप्तीच्या बेलिफानेही आपली पावले मोजून टाकावीत. तपासणी संपली की तो कपाळावरचा घाम दस्तीने टिपतो आणि प्रत्येक वेळी प्रथमच सांगत असल्यासारखा सांगतो,

“काकू, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, पालथी घालून उन्हात वाळवायची.”

“आणि आतलं पाणी?”

“ते ओतून द्यायचं.”

बीड शहरात भरवस्तीत ‘पाणी ओतून द्या’ असे म्हणणे हे पंढरपुरात वाळवंटावर उभे राहून ‘गळ्यातली माळ काढून ठेवा’ असे म्हणण्यासारखे आहे. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या दोन बायका थबकल्या. आमची ही मात्र शांतपणे म्हणाली, “बाबा रे, मागला नळ आला गेल्याच्या गेल्या शुक्रवारी. पुढला कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. पण तो यायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कोरडाच दिवस असतो, न पाळता. तेवढा लिहून घे.”

त्याने तेवढा लिहून घेतला. खात्याच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना होता की नाही, हे सांगता येत नाही.

वास्तविक पाहता त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. डेंग्यूचा प्रसार करणारी एडिस जातीच्या डासाची मादी ही गटारातील रहिवासी नव्हे. तिला मनुष्यवस्तीतील स्वच्छ, निवांत, झाकण अर्धवट सरकलेले पाणी लागते. ती रात्री नव्हे, तर उघड्या दिवसा चावते आणि अंडी घालताना ती पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या अंगाला चिकटवून ठेवते. पाणी आटले तरी ती अंडी महिनोन्‌महिने तशीच कोरडी पडून राहतात आणि भांडे पुन्हा भरताच जागी होऊन अळी, कोष अशा इयत्ता पार करीत साधारणतः आठ-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर पडतात. म्हणूनच भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, ते काथ्याने खरवडून घासावे लागते. हे सर्व मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की आठ-दहा दिवस हा आकडा बीडच्या माणसाला कोठेतरी ऐकल्यासारखा वाटतो, कारण आमच्या नळाची येरझारही नेमकी त्याच पंचांगाने चालते. आणि ज्या मुहूर्तावर माजलगावच्या धरणातले पाणी आमच्या तोटीत अवतरते, त्याच मुहूर्तावर मागील पाण्यातल्या डासांचे मौंजीबंधन आटोपून ते विद्यार्जनासाठी बाहेर पडलेले असतात. सृष्टिकर्त्याने हे दोन जीव एकमेकांसाठीच निर्माण केले असावेत, अशी शंका येते.

‘कोरडा दिवस’ या शब्दप्रयोगानेही आरंभी बराच घोटाळा झाला. खात्याने त्याची कागदी पत्रके माळीवेशीपासून राजुरी वेशीपर्यंत चिकटविली, तेव्हा आमच्या गल्लीतील एका गृहस्थाने ते पत्रक उभ्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि दोन ऑक्टोबर वर्षातून एकदाच येतो तो पुरेसा नाही काय, दर आठवड्याला कशासाठी, असा तक्रारअर्ज करण्याची भाषा सुरू केली. त्याची समजूत काढण्यात आमची अर्धी सायंकाळ गेली, आणि हा सर्व बंदोबस्त पाण्यापुरताच मर्यादित असल्याचे कळताच त्याची या विषयातील आस्था तत्काळ मावळली.

ओतून देण्याचा मार्ग खुंटल्यावर त्या तरुणाने दुसरा उपाय काढला. एका दुपारी तो काचेच्या बरणीतून दहा-बारा गप्पी मासे घेऊन आला आणि ते त्याने आमच्या हौदात सोडले. हे मासे डासांच्या अळ्या गिळतात. मी नोकरीत असताना ‘गप्पी’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘गप्‌कन गिळतो तो गप्पी’ अशी निदान दहा तुकड्यांना तरी छातीठोकपणे सांगितली होती. त्या दुपारी माझ्याच विद्यार्थ्याने प्रशिक्षणवर्गातली पुस्तिका उघडून मला वाचून दाखविले, की त्रिनिदाद बेटावर रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाचे एक गृहस्थ राहत असत, त्यांनी १८६६ साली हा मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविला आणि त्यांचे आडनाव त्या बिचाऱ्या माशाला कायमचे चिकटले. पुस्तिका मिटताना तो काही बोलला नाही. पण ‘सूर्यो अधिक दय’चा हिशेब त्या क्षणी चुकता झाला, हे आम्हां दोघांनाही समजले.

पुढे त्या माशांचे जे झाले, ते सरकारी नेमणुकांचा इतिहास जाणणारास नवे वाटणार नाही. हौदात अळ्या कमी झाल्या आहेत असे पाहून आमच्या हिला त्यांच्या पोटापाण्याची चिंता लागली. ‘बिचारे उपाशी राहतील,’ म्हणून ती रोज सकाळी पोळीचा चुरा टाकू लागली. एकादशीस शेंगदाण्याचे कूट. अळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नेमलेला शिपाई अशा रीतीने घरचा जेवणारा झाला, त्याचे अंग भरले, त्याचा कुटुंबविस्तार झाला, आणि अळ्यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी हळूहळू सहिष्णू होत गेली. पुढील तपासणीत विजेरीच्या झोतात मासे आणि अळ्या एकाच हौदात गुण्यागोविंदाने नांदताना दिसल्या.

या प्रकारानंतर मी सहज म्हणून, आजवर सरकारने, शाळेने, वैद्यांनी आणि नातलगांनी मला आरोग्याविषयी जे जे सल्ले दिले, त्यांची मनातल्या मनात जमाबंदी करून पाहिली, आणि माझ्या ध्यानात असे आले, की त्यांतील बहुतेक सर्वांच्या मुळाशी एक अध्याहृत पद आहे. व्याकरणात कर्ता गुप्त असतो, तसे या वाक्यांत पाणी गुप्त असते. हात धुवा, भाजी तीन वेळा धुवा, फळे धुवा, दिवसाकाठी तीन लिटर पाणी प्या, जखम वाहत्या पाण्याखाली धरा. हे सर्व सल्ले ज्याने लिहिले, त्याच्या घरचा नळ चोवीस तास वाहत असणार आणि तो ते लिहीत असताना मागे कोठेतरी त्याची मोरी भरून वाहत असणार, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. आमच्या जिल्ह्यात पाणी ही चैन नव्हे व गरजही नव्हे, ती एक वार्ता आहे, ‘आलं का?’ एवढे विचारले की काय आले, हे विचारावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आहे. ती सलाबतखानाने सोळाव्या शतकात बांधविली आणि तिच्यातले पाणी उन्हाळ्यात आटत नाही, पावसाळ्यात वाढत नाही असे म्हणतात; तिच्या काठी उभे राहिले की मनात पहिला विचार येतो तो स्थापत्याचा नसून, हा गृहस्थ आज हयात असता तर त्याला कोणत्या समितीचे अध्यक्षपद द्यावे लागले असते, हा येतो.

हात धुण्याच्या सल्ल्याची कथा तर मुळातच करुण आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात इग्नाझ झेमेलवाइस नावाच्या वैद्याने, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवावयास लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. सहकाऱ्यांना मात्र आपले हात अस्वच्छ म्हटल्याचा अपमान वाटला, आणि शेवटी १८६५ साली हा सल्ला देणारा माणूस वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. त्याचा तो क्लोरिनयुक्त चुना म्हणजे आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातील पोत्यात असलेली टीसीएल पावडरच होय. हजार लिटरला पाच ग्रॅम, हे तिचे माप. शिरूर तालुक्यात माझ्या बहिणीचे घर आहे. तेथील पाणीपुरवठ्याचा शिपाई ती पावडर मापून नव्हे, तर मनःस्थितीप्रमाणे टाकतो. बायकोशी भांडून आला असला की त्या दिवशी सबंध गावाच्या चहाला दवाखान्याचा वास येतो. माझी बहीण त्यावरून अचूक अंदाज बांधते आणि संध्याकाळी त्याच्या बायकोला जाऊन विचारते, “काय गं, आज काय झालं?” तिकडे व्हिएन्नात या पावडरीपायी एका माणसाने प्राण गमावले, इकडे तिच्यामुळे निदान एका संसाराची विचारपूस होते.

पंधरा ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवस. निवृत्तीच्या आधी शेवटची दोन वर्षे मी तो शाळेत साजरा केलेला आहे. मुलांना रांगेत उभे करून तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखे असा क्रम कवायतीच्या ठेक्यावर करून घ्यावयाचा असे. मुले ती कवायत इतकी सुरेख करीत, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्यात. हात मात्र कोरडेच चोळले जात.

उन्हाळ्याचा सल्ला या बाबतीत जरा निराळा. त्यात पाणी आहेच, पण त्याहून मुख्य मुद्दा वेळेचा आहे: दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडू नये. हे पत्रक एप्रिलच्या आरंभी निघते, आणि त्याच टपालाने, किंबहुना काही वेळा त्याच पोस्टमनच्या हातून, लग्नपत्रिका येतात, ज्यांवर मुहूर्त छापलेला असतो: दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. या पस्तीस मिनिटांचे गूढ मला अद्याप उकललेले नाही. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर सहज जातो, डांबर चपलेला धरून ठेवते, कावळासुद्धा लिंबाच्या झाडातून बाहेर येत नाही. आणि अशा वेळी हजार-दीड हजार माणसे पत्र्याच्या किंवा कापडाच्या मांडवाखाली, मुठीत अक्षता घेऊन घामाने त्या भिजवीत उभी असतात. बरे, १२-३५ म्हणजे १२-३५ नव्हे. आधी मान्यवरांचे शुभाशीर्वाद होतात. प्रत्येक मान्यवर ‘मी वेळ घेणार नाही’ या वाक्याने आरंभ करतो. आणि मंगलाष्टकांस प्रारंभ होईपर्यंत घड्याळ दोनाकडे झुकलेले असते.

गेल्या वर्षी पाटोदा तालुक्यातील एका लग्नात वधूच्या आजोबांना नेमकी तिसऱ्या मान्यवराच्या भाषणात भोवळ आली. क्षणार्धात त्यांच्याभोवती पंचवीस माणसांचे कडे झाले, म्हणजे जो काही वारा होता तोही बंद झाला, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकाने खिशातून कांदा काढून त्यांच्या नाकाशी धरला. खिशात कांदा बाळगल्याने ऊन बाधत नाही, असा आमच्याकडे समज आहे, आणि मे महिन्यात कोणत्याही मांडवात टाळी वाजवून मागणी केल्यास शंभर कांदे सहज गोळा होतील. दुसऱ्याने चप्पल हुंगवावी असे सुचविले. तिसऱ्याने तोंडात पाण्याची धार सोडण्यासाठी जार वाकडा केला. एवढ्यात वऱ्हाडातलीच एक नर्सबाई गर्दी फोडून आत शिरली. तिने प्रथम त्या धारवाल्याला बाजूस सारले, कारण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत उतरते. मग आजोबांना चौघांकरवी आचाऱ्यांच्या सावलीत हलविले, सदरा सैल केला, ओल्या पंच्याने मान, काखा, कपाळ पुसून काढले आणि त्यांनी डोळे उघडून ‘अक्षता पडल्या का?’ असे विचारल्यावरच त्यांना घोटघोट साखर-मिठाचे पाणी पाजावयास घेतले.

ते पाणी करण्यावरूनही एक प्रसंग घडला. बाई म्हणाल्या, “एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.” आचारी गोंधळला. लग्नाच्या आचाऱ्याचे माप घमेल्यापासून सुरू होते. चमचा ही वस्तू त्याने पंगतीत वाढप्यांच्या हातीसुद्धा पाहिलेली नसते. अखेरीस रुखवतात मांडलेला चमच्यांचा संच उघडावा लागला. तो उघडू द्यावयास वरमाईची संमती मिळण्यास जेवढा काळ लागला, तेवढ्यात आजोबा बरेचसे सावरले होते. साखर-मीठ-पाण्याचा हा साधा योग १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांवर मोठ्या प्रमाणावर वापरला. शिरेवाटे द्यावयाचे सलाईन संपले होते, म्हणून त्यांनी साखर-मीठ मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले, रोग्यांच्या आप्तांनीच ते पाजले आणि जेथे शंभरांत तीस दगावत होते, तेथे तीन-चार दगावू लागले. जलसंजीवनी हे त्याचे मराठी नाव ज्याने ठेवले, त्याला माझा नमस्कार आहे. सरकारी परिभाषेत इतके गोड नाव क्वचितच जन्माला येते.

त्या लग्नात उष्माघाताविरुद्ध खरोखर उपयुक्त अशी एकच रूढी मला आढळली, ती म्हणजे टॉवेल-टोपीचा आहेर. डोके झाका, मान झाका, हे खात्याचे म्हणणे आमच्या पूर्वजांनी सत्काराच्या रूपाने आधीच अंमलात आणून ठेवले आहे. फक्त तो टॉवेल खांद्यावरून काढून घडी करून पुढच्या लग्नात दुसऱ्यास द्यावयाचा असल्यामुळे तो डोक्यावर कोणी घेत नाही, एवढेच.

उपवासाचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. देहशुद्धीसाठी आपण उपवास करतो आणि महाशिवरात्रीस किंवा नवरात्रात भगर खाऊन दवाखान्यात भरती होतो, हा मराठवाड्यातील आता नेमाचा वार्षिक उत्सव झाला आहे. दमट हवेत साठविलेल्या भगरीवर, विशेषतः तिच्या सुट्या पिठावर बुरशी धरते व तीतून विष तयार होते. म्हणून अन्न व औषध प्रशासन दरसाल सांगते, की भगर पाकीटबंद घ्या, तारीख पाहा, पीठ दळून साठवू नका, निवडून धुवून घ्या. पुन्हा धुवून! एका म्हातारबाईने मला यावर तोडगा सांगितला: उपवासाच्या दिवशी काहीच खाऊ नये. हा उपाय धर्मशास्त्रात पूर्वीपासून नमूद असल्याचे मी त्यांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले.

बालाघाटाच्या डोंगरउतारांवर सीताफळाची झाडे माणसांपेक्षा अधिक आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आता ते आपले नाव लावून परगावी जाते. त्याच्या बिया मात्र घरीच राहतात. त्या वाटून लेकीबाळींच्या डोक्याला लावल्या की उवा मरतात. मरतात, हे खरे. परंतु ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला भाजल्यासारखी इजा होते आणि दिवस-दिवस डोळा उघडत नाही. माझ्या लहानपणी धारूरच्या माझ्या एका आत्याने हा प्रयोग आम्हां पाच भावंडांवर ओळीने केला. उवा माझ्या एकट्याच्याच डोक्यात होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत पाचही जण डोळ्यांना ओल्या कापडाच्या पट्ट्या बांधून एकमेकांचे खांदे धरून गेलो, तेव्हा हेडमास्तरांनी स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम चालू असल्याचे समजून आमचे कौतुक केले. आत्या पुढे आयुष्यभर सांगत असे, “डोळ्याचं काय, येतंय बरं होऊन, पण ऊ एकसुद्धा ऱ्हायली नाही बघा.”

दसरा-दिवाळी उरकली की मात्र सल्ला ऐकावयासच कोणी उरत नाही. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतील गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची शिरगणती हत्याराने करणारा आमचा जिल्हा आहे. मागे गावात राहतात ती म्हातारी, काही पोरे आणि भिंतीवरची पत्रके. आहारात हिरव्या पालेभाज्या, पुरेशी झोप, भरपूर पाणी, असा मजकूर त्या पत्रकांवर असतो, आणि ती वाचावयास हिवाळाभर ओसरीवर बसलेले एक आजोबा असतात, ज्यांना झोप येत नाही व पालेभाजी चावत नाही.

फडावरून परत आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी एकदा घरी आली होती. मी नेहमीच्या सवयीने तिला पाणी भरपूर पीत जा, असे सांगितले. ती हसली. “गुरुजी, फडात पाणी प्यायलं तर जायचं कुठं? आडोसा असतोय का? पहाटं कोपीतून निघताना दोन घोट पिऊन निघायचं, मग थेट अंधार पडल्यावर.” मी पुढे काही बोललो नाही. एका दिवसाचा खाडा झाला तर जोडीचे पैसे कापले जातात, म्हणून पाळीची कटकट नको, पोटदुखीची कटकट नको, असे म्हणत या बायकांना कोणीतरी एक सल्ला दिला: पिशवी काढून टाका. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्याला पाणीही लागत नाही आणि पुढे खाडाही लागत नाही, असा मी ऐकलेला हा एकमेव सल्ला. आणि तोच तेवढा काटेकोरपणे पाळला गेला. ती गेल्यावर आमच्या हिने तिच्यापुढे ठेवलेला तांब्या उचलला. तो रिकामा होता.

आमचा नळ यंदा आषाढात एकदा अकराव्या दिवशी पहाटे तीनला आला. गल्लीत दिवे लागले, मोटारी घरघरू लागल्या, तोट्यांतून आधी हवेचा सुस्कारा आणि मग लालसर पाणी आले. तेवीस जिन्नसांपैकी बावीस अगोदरच रिकामे होते. हिने पदर खोचून ते एकेक काथ्याने घासले, उपडे केले, पाणी निथळू दिले आणि मगच भरावयास घेतले. उजाडता उजाडता तो तरुण दारात उभा राहिला. वेळेपूर्वी आला होता, चेहरा ओढलेला होता, आणि त्याच्या हातात विजेरीऐवजी झाकणाची रिकामी बरणी होती.

“काकू, चार-पाच मासे देता का? आमच्या आळीला पंधरा दिवस झाले, नळ नाही. टिपाडात अळ्याच अळ्या.”

हिने हौदातून गाळणीने आठ मासे काढून दिले, चांगले गुटगुटीत, आणि कागदात बांधून पोळीचा चुराही दिला. त्याने बरणी एका हातात धरून दुसऱ्या हाताने कानामागचा खडू काढला, दोन खिळ्यांच्या मधल्या जागेत तारीख घातली, आद्याक्षर घातले आणि शेजारी ते नेहमीचे आडवे-तिरपे चिन्ह काढले. पहाटेपासून जागा असल्यामुळे असेल, किंवा सर्व भांडी त्या दिवशी घासून लखलखीत असल्यामुळे असेल, मला धीर आला आणि मी विचारले,

“हे तिसरं काय आहे रे?”

त्याने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा उत्तर येत असतानाही जसा ओशाळतो, तसा ओशाळून म्हणाला,

“ते व्हय, गुरुजी? खडू उमटतोय का नाही, ते बघायची रेघ हाय ती.”